टाकीचं झाकण उघडण्याआधी



गेल्या महिन्याच्या बैठकीत आम्ही सांगितलं, की या वेळी रेडिओवर संडासाच्या टाकीबद्दल बोलणार आहोत. तर एक काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं बायांनो, तुमचा कार्यक्रम लागतो ऐन जेवणाच्या वक्ताला. लोकांच्या ताटात ते कशाला वाढता?" सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. तेव्हा ज्यांचं जेवण चाललं असेल त्यांनी आधी दोन घास खाऊन घ्या, पण रेडिओ बंद करू नका. कारण घरातला हा विषय शेवटी आपल्याच अंगावर येतो. पुरुष माणूस रानात असतो नाहीतर गावाला गेलेला असतो. गवंडी, प्लंबर किंवा उपसायची गाडी दारात येते तेव्हा समोर बाईच असते. तो काय बोलतो ते तिला कळलं पाहिजे, आणि नको ते काम असेल तर 'नको' म्हणताही आलं पाहिजे.

आपल्याकडे तिला सगळे सेफ्टी टाकी म्हणतात. खरा शब्द सेप्टिक. सेप्टिक म्हणजे कुजवणारी, सेफ्टी म्हणजे सुरक्षित. एका अक्षराच्या फेरफाराने आपण नेमका उलटा अर्थ लावून बसलो आहोत. ही टाकी सुरक्षित नाही, हे आम्हाला ज्या दिवशी कळलं त्या दिवसाची गोष्ट आधी सांगतो.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, काळ्या रानाचं. आषाढात पंढरपूरला जाणारी एक दिंडी आमच्याकडे मुक्कामाला असते. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी दर वर्षी तीस-चाळीस वारकरी उतरतात. दोन वर्षांपूर्वी दिंडी पुढे गेली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या संडासातलं पाणी उतरेना. भांडं काठोकाठ भरून यायला लागलं. ताईंनी अंगणातल्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं, तर आत पाणी वरपर्यंत. नऊ वर्षांत टाकी कधी उपसलेली नव्हती. त्यांनी धरून चाललं की टाकी भरली. त्यांनी आम्हाला फोन केला, 'उपसणारा कोण आहे का?' आणि आम्ही त्यांना एका माणसाचा नंबर दिला. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. नंबर आम्हीच दिला होता.

तो माणूस आला. आठशे रुपयांत काम ठरलं. तो थोडी पिऊनच आला होता. त्याबद्दल तेव्हा आमच्यातल्या काही जणींनी नाकं मुरडली. नंतर त्याच्या घरच्यांकडून कळलं, की प्यायल्याशिवाय ते काम त्याच्याच्याने होत नाही. आधी त्याने वरूनच बादलीने उपसलं. खालचा गाळ घट्ट झालेला, बादलीत येईना, म्हणून तो शिडी लावून खाली उतरायला निघाला. ताईंच्या सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, विहिरीत उतरताना दोर बांधतात, तसा कमरेला दोर बांध." तो म्हणाला, "काय व्हतंय आजी, सवयीचं काम हाय." पण म्हातारीने हट्ट सोडला नाही. दोर बांधला आणि दुसरं टोक कडुलिंबाला.

आत उतरून दोन मिनिटं झाली नसतील, त्याची मान कलली. ओरडला नाही, धडपडला नाही, नुसता बसला. ताईंचा एकोणीस वर्षांचा मुलगा शिडीवर पाय टाकायला धावला, तेव्हा याच म्हातारीने त्याचा सदरा मागून घट्ट धरला. शेजारपाजारच्या चौघांनी दोर ओढून त्या माणसाला वर काढलं. तालुक्याच्या दवाखान्यात तीन दिवस ठेवावं लागलं. जगला. दोर नसता तर त्या दिवशी ताईंच्या अंगणातून दोन तिरड्या निघाल्या असत्या, त्यातली एक त्यांच्या स्वतःच्या पोराची.

वर्तमानपत्रात आपण अशा बातम्या वाचतो, 'टाकीत गुदमरून तिघांचा मृत्यू', 'बाप-लेकाचा मृत्यू'. एकाच टाकीत दोघं-तिघं का मरतात? पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. टाकीत मैला कुजताना विषारी वायू तयार होतात. त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो. पण तो जास्त प्रमाणात असेल तर नाकाची वास घ्यायची शक्तीच मारून टाकतो. म्हणजे 'आता वास कमी झाला, उतरायला हरकत नाही' असं वाटतं तीच वेळ जिवावरची असू शकते. शिवाय आत श्वासापुरता प्राणवायू नसतो. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची रीत आपल्या घरांत सांगतात. ती इथे अजिबात करायची नाही, कारण त्याच टाकीत मिथेनही असतो आणि तो पेट घेतो. झाकण उघडलं असताना जवळ काडी ओढायची नाही, बिडी नाही, चूल नाही.

आणि कोणी आत पडलंच तर? काळजावर दगड ठेवून सांगतो, आत उतरायचं नाही. दोर, गळ, जे वरून टाकता येईल ते टाकायचं. आरडाओरडा करून माणसं जमवायची, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची, अग्निशमन दलाला कळवायचं. उतरणाऱ्याचा हात मागून धरणारी एक बाई तिथे हवी.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत त्या माणसाची बायको आली. तीही आपल्याच एका गटात आहे, वस्तीवरच्या. दर महिन्याला शंभर रुपये भरते, हप्ता कधी चुकवलेला नाही. ती रडली नाही की भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "नंबर तुमीच दिला म्हणून विचारते. तुमच्या घरातलं कुणी उतरलं आसतं का?"

बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. अध्यक्षांनी पुढचा विषय घ्यायचा प्रयत्न केला, पण तो पुढे सरकेना. गावात कोणाची टाकी भरली, की फोन कोणाच्या घरी जातो, कुठल्या वस्तीवर जातो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षानुवर्षं त्याच तीन-चार घरी जायचा. काम झालं की त्या माणसाला अंगणाच्या कडेला बसवून वेगळ्या कपात चहा द्यायचा, हेही आमच्यातल्या अनेकींनी केलेलं आहे.

आता कायद्याचं. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. संरक्षक साधनं आणि सुरक्षेची पूर्ण व्यवस्था नसताना गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला त्यात मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. आम्हाला वाटायचं, हे सगळं नगरपालिकेला, ठेकेदाराला लागू असेल, आपल्याला काय? तसं नाही. घरमालकाने सांगून माणूस उतरवला तरी तो गुन्हाच आहे. 'तो स्वतःच्या मर्जीने उतरला' हे चालत नाही. अशा मृत्यूला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. त्याआधी ही रक्कम दहा लाख होती. आम्ही हे बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा काही जणी दंडाला घाबरल्या. घाबरू देत. पण त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर दंडात नव्हतं.

आता या गोष्टीतला सगळ्यात लाजिरवाणा भाग. आठ दिवसांनी तालुक्याहून प्लंबर बोलावला. त्याने घराजवळचं छोटं चेंबर उघडलं, लवचीक तार आत सारली आणि पाइपातून एक पंचाचं फडकं बाहेर ओढलं. दिंडीच्या गर्दीत कधीतरी गेलेलं. फडकं निघालं आणि पाणी सळसळत उतरलं. अर्ध्या तासाचं काम. म्हणजे त्या दिवशी टाकीत उतरायचं कारणच नव्हतं. टाकी उपसायला आलीच होती, ते खरं, पण भांडं तुंबलं होतं ते फडक्यामुळे.

मग 'टाकीत पाणी वरपर्यंत' दिसलं त्याचं काय? मैत्रिणींनो, सेप्टिक टाकी नेहमीच भरलेली असते. तिची रचनाच तशी आहे. गढूळ पाणी रांजणात रात्रभर ठेवलं की गाळ तळाला बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. तसंच टाकीत जड मैला तळाला बसतो, तेलकट हलका भाग सायीसारखा वर तरंगतो आणि मधलं पाणी दुसऱ्या तोंडाच्या पाइपातून शोषखड्ड्यात जातं. आत एक लोटा गेला की बाहेर एक लोटा जातो. गाडीने टाकी उपसून नेली तरी थोड्या दिवसांत ती पुन्हा पाण्याने भरते. मग लोक म्हणतात, गाडीवाल्याने फसवलं, टाकी परत भरली! त्याने फसवलेलं नसतं. पाणी भरणं वेगळं आणि गाळ भरणं वेगळं.

म्हणून भांडं तुंबलं की घाईने टाकी उपसणाऱ्याला बोलवायचं नाही. आधी घराजवळचं चेंबर बघायचं. चेंबरमध्ये पाणी साचलंय आणि टाकीतली पातळी नेहमीसारखी बाहेरच्या पाइपाच्या तोंडाशी आहे, तर अडथळा त्या दोघांच्या मधल्या पाइपात आहे. ते प्लंबरचं काम. चेंबर कोरडं असून भांडं तुंबलंय, तर अडथळा भांड्याजवळच आहे. टाकीतलं पाणी बाहेरच्या पाइपाच्याही वर चढलंय, तर टाकीपुढे पाणी जात नाही. पाइप साईने बंद झालाय किंवा शोषखड्डा भरलाय. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात हे हटकून होतं, कारण काळी माती फुगते आणि पाणी पीत नाही. आमच्याकडे आता शोषखड्डा खणताना काळी माती काढून मुरमापर्यंत जातात आणि आत विटांचे तुकडे, खडी भरतात. तरी भर पावसात एखादा आठवडा अडचण येतेच. त्या आठवड्यात धुण्याभांड्याचं आणि अंघोळीचं पाणी त्या बाजूला सोडायचं नाही. खरं तर ते पाणी सेप्टिक टाकीत कधीच सोडू नये, त्याला वेगळा शोषखड्डा करावा. पत्र्यावरचं पावसाचं पाणीही टाकीवर पडता कामा नये.

आता गवंड्याबद्दल, कारण पुढची निम्मी दुखणी तिथेच जन्माला येतात.

आमच्या गटातल्या दुसऱ्या एका ताईंचं घरकुल मंजूर झालं. टाकीचं काम उक्तं दिलं होतं. गवंडी म्हणाला, "दहा फूट खोल घेतो, तळ मोकळा ठेवतो, पाणी आपोआप जिरतंय. जन्मात उपसायला लागणार न्हाय." ताईंना ते बरंच वाटलं. कोणाला बरं वाटणार नाही? पण तळ मोकळा ठेवला तर ती टाकी राहत नाही, नुसता खड्डा होतो. मैल्याचं पाणी न निवळता थेट जमिनीत जातं आणि तिथून शेजारच्या बोअरमध्ये. त्यांच्या घरापासून बोअर वीस पावलांवर होती. पोरांना जुलाब, कावीळ झाली, की आपण पाण्याला शिव्या देतो, पण पाण्यात काय मिसळलं ते बघत नाही. विहीर आणि बोअरपासून शोषखड्डा निदान पन्नास-साठ फूट लांब आणि उताराच्या बाजूला हवा. त्यांच्या परसात तेवढी जागा होती, नुसती बाजू बदलायची होती.

आम्ही चौघी जणी त्या ताईंबरोबर गवंड्यासमोर बसलो. एकटी बाई बोलली की "तुमाला काय कळतंय" होतं. चौघी बसल्या की तो मापं सांगायला लागतो. पाच माणसांच्या घराला फार मोठी टाकी लागत नाही. आतून लांबी पाच फूट, रुंदी अडीच फूट, पाण्याची खोली सव्वातीन फूट, आणि वर एक फूट हवेला मोकळी जागा. घर मोठं असेल तर त्या मानाने वाढवायची. लांबी रुंदीच्या निदान दुप्पट हवी, म्हणजे गाळ बसायला वेळ मिळतो. तळाला काँक्रीट, आतून पक्का गिलावा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांना आतल्या अंगाला 'टी' लावलेली हवी. हे दहा गवंड्यांपैकी सात विसरतात, असा आमचा अनुभव. टी नसेल तर वरची साय सरळ बाहेरच्या पाइपात जाते आणि शोषखड्डा बंद पडतो. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा दोन इंच खाली. एक उभा हवेचा पाइप, छपराच्या वर नेलेला, तोंडाला डासांची जाळी. आणि उघडता येईल असं झाकण. नवीन फरशी घालताना अंगण छान दिसावं म्हणून टाकीवरूनच फरशी घालून टाकलेली घरं आमच्या गावात चार आहेत. उपसायची वेळ आली तेव्हा घणाने फोडावी लागली. पण झाकण हलकं, तुटकं असून चालत नाही. त्यावरून लहान मूल चालतं, शेरडू चालतं. तडकलं असेल तर त्याच दिवशी बदला, तोवर चारी बाजूंनी काटेरी फांद्या टाका.

गवंडी ठरवताना त्याने नुकतं बांधलेलं काम बघू नका. नवं सगळंच चांगलं दिसतं. दोन-तीन पावसाळे खाल्लेलं काम बघा आणि त्या घरच्या बाईला विचारा, बुवाला नाही. मापं, विटा-सिमेंट कोणाचं, मजुरी किती, हे वहीच्या पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. इसार द्या, पण सगळे पैसे आधी देऊ नका. आम्ही तीन हप्ते करतो. शेवटचा हप्ता पाण्याची परीक्षा झाल्यावर.

ही परीक्षा फार सोपी आहे. गिलावा वाळून, आठ-दहा दिवस पाणी मारून झालं, की टाकी पाण्याने भरायची, पाण्याच्या पातळीला भिंतीवर खुणेची रेघ मारायची आणि झाकण लावून एक दिवस-रात्र ठेवायची. त्या ताईंच्या टाकीला आम्ही कोळशाने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी चार बोटं खाली. गवंडी म्हणाला, "उन्हानं आटलं." आम्ही म्हटलं, "झाकणाच्या आत ऊन कुठनं आलं?" त्याला स्वतःलाच हसू आलं. शेवटचे पाच हजार आमच्याकडे होते, म्हणून तो दोन दिवसांनी माल घेऊन परत आला आणि कोपरे पुन्हा गिलावून दिले. दुसऱ्यांदा पाणी रेघेवर राहिलं. पैसे त्याच ठिकाणी मोजून दिले, चहा पाजला. तो गवंडी आता आमच्याकडे नेहमी येतो. माणूस वाईट नव्हता, त्याला कोणी कधी तपासलंच नव्हतं.

टाकी झाल्यावर ती चालवायची कशी, यावर फार बोलण्यासारखं नाही. टाकीतले सूक्ष्म जीव काम करतात, त्यांना मारू नका, एवढंच. आठवड्याला ॲसिडची बाटली ओतून भांडं चकचकीत केलं की टाकीतलं कुजण्याचं काम मंदावतं. साध्या साबणाने, ब्रशने घासा. गूळ, यीस्ट, मीठ घाला म्हणजे गाळ विरघळतो, असं सांगणारे आणि पुड्या विकणारे पुष्कळ भेटतात. पैसे घालवू नका, गाळ काढावाच लागतो. पॅड, लंगोट, केसांचे गुंते, गुटख्याच्या पुड्या, जुनं तेल, फडकी भांड्यात टाकायची नाहीत. पॅडचं आम्ही मुलींनाच स्पष्ट सांगतो. पण त्यांना टाकायला झाकणाची बादली संडासातच ठेवली तरच ते सांगण्याला अर्थ आहे. लाजून त्या बिचाऱ्या भांड्यातच टाकतात.

गाळ किती झाला हे वर्षातून एकदा बघावं. लांब बांबूच्या खालच्या चार फुटांना जुना पांढरा टॉवेल गुंडाळून दोरीने बांधा. झाकण बाजूला करून थोडा वेळ दूर उभं राहा, पोरांना लांब ठेवा, वाकून आत डोकावू नका. बांबू हळूच तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं धरा आणि हळूच वर घ्या. टॉवेलवर जिथपर्यंत काळा घट्ट चिखल लागला तेवढा गाळ. पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाला असेल, म्हणजे सव्वातीन फुटांत एक फुटाच्या वर, तर गाडी बोलवा. साधारण दोन-तीन वर्षांत ही वेळ येते. नऊ वर्षं थांबलं की गाळ दगडासारखा होतो, गाडीचा पाइप तो ओढू शकत नाही, आणि मग कोणीतरी म्हणतं, 'एक माणूस उतरवा'. वेळेवर उपसलं तर ही पाळीच येत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्यांच्या घरी सेप्टिक टाकी नाही. स्वच्छ भारत अभियानात बारा हजार रुपये मिळून ज्यांनी शौचालय बांधलं, त्यांच्यातल्या अनेकींकडे दोन शोषखड्ड्यांचं शौचालय आहे. त्याला गाडी लागत नाही. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. तो भरला की मधल्या छोट्या चेंबरमध्ये एक तोंड बंद करून दुसरं उघडायचं. भरलेला खड्डा निदान दीड-दोन वर्षं बंद ठेवला, की आतलं सगळं वाळून काळ्या खतासारखं होतं. वास नाही, वायू नाही. २०१७ साली तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्र सरकारचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरून खत काढत होते, त्याचे फोटो सगळीकडे छापून आले होते. पण आमच्या गावात पाहिलं तर निम्म्या घरी दोन्ही खड्डे एकदमच चालू! चेंबरमध्ये एक तोंड बंद करायचं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. आज रात्री नाही, पण उद्या सकाळी आपल्या घरचं चेंबर उघडून बघा. आणि हे नीट लक्षात ठेवा: जुना, बंद ठेवलेला खड्डा वेगळा, चालू टाकी वेगळी. एकाला लागू ते दुसऱ्याला लागू नाही.

आता गाडी. एकट्या घराने बोलवली तर तालुक्याहून यायचं डिझेलच अंगावर येतं. आम्ही ग्रामसंघाच्या वहीत घरांची यादी केली: टाकी कधी बांधली, शेवटची कधी उपसली, झाकण कुठे आहे. पाच-सहा घरं एकदम झाली की गाडीवाल्याशी दर ठरवतो. ज्यांच्याकडे एकदम पैसे नसतात त्यांना गटातून अंतर्गत कर्ज देतो. लग्नाला कर्ज द्यायला आपण मागेपुढे बघत नाही, यालाही बघू नये.

गाडीवाल्याला दोन गोष्टी आधीच फोनवर सांगायच्या. माणूस आत उतरणार नाही, गाळ घट्ट असेल तर पाणी मारून सैल करायचा आणि पाइपानेच ओढायचा. आणि दुसरी, भरलेली गाडी कुठे रिकामी करणार? पहिल्या खेपेला आम्ही हे विचारलं नाही. रात्री एका पोराने सांगितलं, की आपलीच गाडी खालच्या ओढ्यात मोकळी झाली. त्या ओढ्याच्या काठी खालच्या वस्तीची विहीर आहे, त्याच वस्तीची, जिथे तो माणूस राहतो. आम्हाला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेलो, त्या गाडीवाल्याला पुन्हा बोलवलं नाही. आता जवळच्या शहरात मैला प्रक्रिया करायची सोय आहे का, तिथे नेणार का, हे विचारूनच ठरवतो आणि शंभर-दोनशे रुपये जास्त देतो. साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिककडच्या सिन्नरने ठरलेल्या वर्षांनी प्रत्येक घराची टाकी आळीपाळीने उपसायची आणि तो गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायची पद्धत घातली आहे. ती शहरं आहेत, आपण गावं. पण पाच-दहा गावांनी मिळून तालुक्याच्या नगरपालिकेकडे मागणी केली तर? आमच्या प्रभागसंघाने तसा अर्ज केला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

गाडीबरोबर जी दोन पोरं पाइप धरायला येतात, त्यांच्या हातात मोजे आहेत का बघा. नसतील तर काम सुरू होऊ देऊ नका. हात धुवायला साबण, पाणी द्या. आणि चहा घरातल्याच कपात द्या. यावर आमच्या बैठकीत बरीच वादावादी झाली, ती झाकून ठेवत नाही. काही जणी अजून कागदी कप आणून ठेवतात आणि म्हणतात, सगळ्यांनाच कागदी देतो. बरं.

तो माणूस आता टाकीत उतरत नाही. पण दुसरं काम रोज मिळतं असंही नाही. ऊसतोडीच्या हंगामात जातो, एरवी बिगारी म्हणून मिळेल ते. त्याच्या बायकोने गटातून कर्ज काढून दोन शेळ्या घेतल्या आहेत. टाक्यांची यादी असलेली ती वही तिच्याकडेच असते. तिने ती मागून घेतली. कोणाची तारीख जवळ आली की ती त्या घरी जाऊन सांगते, आणि ज्या घरांच्या अंगणात पूर्वी ती कधी गेली नव्हती तिथेही जाते.

वहीत सध्या सात घरं आहेत. गाडी दिवाळीच्या आधी येईल. आमच्या गावातल्या कोणाला नाव घालायचं असेल तर शुक्रवारच्या बैठकीत तिच्याकडे सांगा, आणि येताना टाकीचं झाकण कुठे आहे ते घरी विचारून या.